ग्लासमोरच्या फाटकावर

ग्लासमोर, कॉर्क
३ मार्च १९३७

फिनीन,

तुझ्या तब्येतीची चौकशी शेवटी करीन, आधी हे वाच. काल डेअरीत दूध घालून परतताना बघते तर मठाच्या फाटकाला वीतभर कुलूप, आणि बाजूला हिरवी पाटी. हे प्राचीन स्मारक सरकारच्या ताब्यात आहे, पाहुण्यांनी भिंतींवर चढू नये, आणि यापुढे आत कोणालाही पुरता येणार नाही. किल्ली म्हणे डेअरीच्या मॅनेजरकडे मिळेल, बघायला येणाऱ्यांना. म्हणजे सायकलवरून येऊन फोटो काढणाऱ्या परक्यांनी खुशाल आत जावं आणि ज्यांची हाडं आत आहेत त्यांनी बाहेर थांबावं.

अरे, मठ मोडला कुणी? इंग्लंडच्या राजानं. छपराचं शिसं उतरवून नेलं त्याच्या माणसांनी. उरलेले घडीव दगड गाड्या भरभरून नेले ते जमीनदाराच्या आजोबानं, घोड्यांचा तबेला बांधायला. अजून त्या तबेल्याच्या दारावर वेदीजवळची कोरीव पानं आहेत आणि त्यांवर लगाम टांगतात. त्यांना कुणी पाटी दाखवली नाही. आम्ही चारशे वर्षं तिथं फक्त आपली माणसं नेऊन ठेवली, तर मनाई आम्हाला.

पण माझा जीव पाटीसाठी जळत नाहीये, नोरीसाठी जळतोय. नोव्हेंबरात माझी पोर तिथं ठेवली, आणि तिच्यानंतर आजवर तिथं कोणी गेलेलं नाही. तू डब्लिनात राहून विसरला असशील म्हणून सांगते. शेवटी पुरलेल्या माणसानं फाटकावर पहारा करायचा आणि शुद्धिस्थानात, स्वर्गाच्या वाटेवर, पापं फेडत अडकलेल्या तहानलेल्या आत्म्यांना विहिरीचं पाणी वाहायचं, पुढचा माणूस येईपर्यंत. पुढचा आला की आधीचा सुटला. आणि आता हे शहाणे म्हणतात की पुढचा येणारच नाही. मग माझ्या पोरीनं काय करायचं? एकोणीस वर्षांची पोर, छातीत दम नाही, शेवटी शेवटी तर चहाची किटली उचलवत नव्हती तिला. ती जगबुडीपर्यंत बादल्या वाहणार का?

आणि हसू नकोस. बाबांना पुरायला नेलं त्याच दिवशी रिऑर्डनांच्या म्हातारीचीही प्रेतयात्रा निघाली होती. वळणावर त्यांची माणसं दिसली तशी तूच पुढचा खांदा घेऊन पळालास, आणि फाटकापर्यंत जायला वेळ नाही म्हणून बाबांची पेटी भिंतीवरून आत घातलीत. का? तर पाणी म्हातारीनं वाहावं, आपल्या बाबांनी नाही. तेव्हा तुझं शिक्षण पुरं झालेलं होतं.

पाटीवर सही नाही, नुसतं 'आज्ञेवरून' लिहिलंय. तू नोकरी करतोस ते जुन्या दगडांचंच खातं. ज्या कुणा महाभागाची ही आज्ञा आहे त्याला शोधून काढ आणि कुलूप काढायला लाव. कसा आहेस? खोकला गेला का?

तुझी बहीण,
गोबनिट


डब्लिन
१४ मार्च १९३७

प्रिय ताई,

खोकला गेला. पत्र वाचून वाईट वाटलं. नोरीची आठवण मलाही येते, हे तुला सांगायला नको.

पण ताई, जरा शांतपणे ऐक. पहारा आणि पाणी ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, धर्मात तिला जागा नाही. फादर कॉटरना विचार, तेही हेच सांगतील. आणि ही समजूत आली कुठून, तेही मला ठाऊक आहे. ग्लासमोरला सातशे वर्षांपूर्वी जे पांढऱ्या झग्याचे साधू आले, ते सिस्टर्सियन पंथाचे. गावापासून लांब, ओढ्याकाठी राहायचं, मेंढ्या पाळायच्या, बोलायचं नाही, असा त्यांचा नेम. त्यांच्यात एक द्वाररक्षक असे. दारावर थाप पडली की 'देवाची कृपा' म्हणून उठायचं, भुकेल्याला भाकरी, तहानेल्याला पाणी द्यायचं. बदली माणूस आल्याशिवाय त्यानं फाटक सोडायचं नाही. साधू गेले, छप्पर गेलं, आणि लोकांच्या डोक्यात तेवढा फाटकावरचा माणूस राहिला. बस्स, इतकंच आहे ते.

मनाईचं कारणही ऐक. मधल्या मोठ्या कमानीचा उत्तरेकडचा खांब खचला आहे. पिढ्यान् पिढ्या प्रत्येकानं आपलं माणूस त्याच्या पायथ्याशी पुरलं. खणता खणता पाया उघडा पडला. उद्या एखाद्या प्रेतयात्रेच्या डोक्यावर कमान आली, तर तू खात्यालाच शिव्या देशील. ज्या अधिकाऱ्यानं हुकूम काढला तो काही दुष्ट माणूस नसावा. त्यानं दगडांबरोबर माणसांचाही विचार केला असेल.

नवी दफनभूमी डेअरीमागे आखली आहे, असं कळतं.

तुझा,
फिनीन


ग्लासमोर
२२ मार्च १९३७

फिनीन,

वा रे वा. मी पोरीबद्दल विचारलं, तू मला झग्यांचा रंग सांगितलास.

डेअरीमागची नवी जागा मी बघून आले. दोन हात खणलं की पाणी लागतं. परवा गुरांचा बाजार तिथंच भरला होता. तिथं माणसं पुरायची म्हणजे पुरायची की बुडवायची, ते तुझ्या खात्याला विचार.

फादर कॉटरनाही विचारलं, तू म्हणालास म्हणून. ते म्हणाले, पहारा वगैरे काही नसतं गोबनिट, नोरी देवाजवळ आहे. मी म्हटलं, फादर, मग तुमच्या आईला पुरायच्या दिवशी तुम्ही प्रार्थना अर्ध्या वेळात का आटपलीत, मागून लिहेनांची पेटी येत होती म्हणून ना? त्यांनी चहात तिसऱ्यांदा साखर घातली.

आणि तुझ्या विद्वत्तेबद्दल. तूच लिहितोस की फाटकावरचा माणूस बदली आल्याशिवाय हलत नसे. मग मी वेगळं काय म्हणतेय? म्हणजे ही काही माझी नि शेजारणींची चुलीपुढची बडबड नाही, त्या साधूंनीच घालून दिलेला नेम आहे. साधूंचा नेम मोडायचा हक्क तुमच्या खात्याला दिला कुणी? लहानपणी तूच पुस्तकातून वाचून दाखवायचास की त्या साधूंनी बायकांना फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. जिवंतपणी नाही तर नाही, मेल्यावर आम्ही वेदीपर्यंत गेलो. ते आम्ही मिळवलंय. आता तुमची कुलपं आली.

खांबाचं म्हणशील तर खांबापासून लांब पुरा ना. मधे केवढी मोकळी जागा आहे, तिथं टायग लुसीच्या मेंढ्या चरतात. त्या महाभागाला हे सुचलं नाही? खुर्चीत बसून नकाशावर रेघ मारली असेल आणि जेवायला गेला असेल. त्याला आई आहे का, बहीण आहे का, एवढं मला विचारून कळव. देवानं त्याला पहाऱ्यावर असाच उभा करावा, आणि बदलीला कोणी पाठवू नये.

गोबनिट


डब्लिन
२ मे १९३७

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कामात होतो. अधिकाऱ्याबद्दल तू लिहिलंस ते फारच कडक आहे. हुकूम झालेला आहे. तो सहजासहजी फिरत नाही. मधल्या मोकळ्या जागेचा मुद्दा मी पुढे ठेवीन, आश्वासन मात्र देत नाही.

उन्हाळ्यात आठवडाभर इकडे ये. नणंद घरी आली तर एटीला बरं वाटेल, तुलाही बदल होईल. गायीचं टायग बघेल.

फिनीन


ग्लासमोर
३० जून १९३७

श्री. फिनीन टूमी साहेब यांस,

आपलं निमंत्रण पोचलं. वहिनींना नमस्कार सांगावा. मला येणं जमणार नाही.

इथं खात्याची माणसं परांची बांधून खांबाचं काम करताहेत. त्यांचा फोरमन बोलका आहे, माझ्याकडे अंडी न्यायला येतो. मी त्याला विचारलं, हा सगळा उद्योग कुणाच्या डोक्यातून निघाला. तो म्हणाला, टूमी साहेबांच्या. फेब्रुवारीत स्वतः आले होते, दिवसभर मापं घेतली, पडक्या भिंतीवर बसून सँडविच खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. फार बारकाईचा माणूस, असंही म्हणाला. मी त्याला अंडी दिली आणि दार लावून घेतलं.

हुकूम आपला आहे हे एक वेळ मी गिळीन. मी त्या माणसाला शिव्या घालत होते आणि आपण मला त्याचा स्वभाव समजावून सांगत होता, तेही गिळीन. पण त्या भिंतीवरून माझ्या घराचा धूर दिसतो. मी त्या दिवशी ब्रेड भाजला होता. सख्ख्या बहिणीच्या दाराशी येऊन आपण भिंतीवर बसून डब्लिनचं सँडविच खाल्लंत, आणि चहाला आला नाहीत. इतकी मी परकी कधी झाले, तेवढं कळवावं.

आपली,
श्रीमती हर्ली


डब्लिन
५ जुलै १९३७

ताई,

मला 'साहेब' म्हणू नकोस. शिव्या घाल, त्या मला कळतात.

नोरीच्या दिवशी मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो. खणलेल्या मातीत मला घडीव दगडाचे तुकडे दिसले. बाकी सगळे प्रार्थना म्हणत होते आणि मी ते दगड बघत होतो, त्याची लाज मला आजही वाटते. ते तुकडे खांबाच्या पायाचे होते. आजवर जेवढे खड्डे झाले ते पायाला नुसते घासून गेले. नोरीचा खड्डा पायात शिरला. हर्लींची जागाच तिथं, त्यात खणणाऱ्याचा काय दोष, आणि त्या पोरीचा तर काहीच नाही. फेब्रुवारीत येऊन पाहिलं तेव्हा खांबाला नवी भेग गेली होती. कमान वर्षभर टिकली नसती.

मग मी तुझ्या दारात येऊन काय बोलणार होतो? तुझ्या मुलीच्या खड्ड्यानं मठ पाडायला आणलाय, असं? मी भिंतीवर बसून तुझ्या चुलीचा धूर बघत राहिलो आणि माझ्याच्यानं उठवलं नाही. सँडविचही अर्धं कावळ्यांना टाकलं, फोरमननं ते सांगितलं नसेल.

आणि मलाही राग येतो, ताई. तुम्ही सगळे आपापल्या माणसाला तिथं नेऊन घुसवता आणि ती भिंत कुणी सांभाळायची हे कुणी विचारत नाही. सातशे वर्षांचं काम आहे ते. साधूंनी एकमेकांशी न बोलता रचलंय. ते पडलं तर तुझी नोरी कशाच्या फाटकावर उभी राहणार?

पहारा असतो असं मी आजही मानत नाही. पण तुझं पत्र आल्यापासून रोज कचेरीच्या जिन्यात एका पोरीच्या हातात बादली दिसते, एवढं मात्र खरं. म्हणून वरच्यांशी भांडलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा आवाज चढवला. एक अपवाद मान्य झालाय. मधल्या मोकळ्या जागेत, खांबापासून लांब, फक्त एक दफन. पुन्हा कधीही नाही, हे माझ्याकडून लिहून घेतलंय. नाव तुझं घातलं आहे. तुझी वेळ येईल तेव्हा तू नोरीपाशी जाशील आणि तिला सोडवशील. तोवर तिला थांबावं लागेल, यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

फिनीन


ग्लासमोर
१९ सप्टेंबर १९३७

फिनीन,

तुझं पत्र मी फार दिवस कपाटावर ठेवून दिलं होतं. राग गेलेला नाही, पण तो आता चुलीमागं सरकवलाय. दारात येऊन रडला असतास तरी चाललं असतं, एवढंच सांगते. माझ्या घरात रडायला बंदी नव्हती.

आता कामाचं. माझं नाव खोड.

टायग लुसी जातोय. हो, तोच मेंढ्यावाला, ज्याच्या कुत्र्यानं तुझी चड्डी फाडली होती. छाती भरली आहे, डॉक्टर म्हणतो महिनाभरही काढणार नाही. लुसींचीही जागा मठातच होती आणि त्यांच्यातला हा शेवटचा. त्याला बायको नाही, पोर नाही, त्याच्या मागं भांडायला कोणी नाही. त्याला डेअरीमागच्या पाण्यात घालणार आहेत.

आणि मी काय ठणठणीत आहे. आपली आई किती जगली ते तुला ठाऊक आहे. मी आणखी वीस वर्षं मरणार नाही आणि तोवर नोरी बादल्या वाहणार. ते मला बघवत नाही. मी काल टायगकडे गेले, त्याला सूप भरवलं आणि सरळ विचारलं. म्हटलं, एकच जागा आहे, जो जाईल तो शेवटचा. त्याच्यानंतर कोणी येणार नाही. तू जाशील का, माझी पोर सुटेल.

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मी जन्मभर त्याच फाटकावर उभा राहून मेंढ्या मोजल्या, गोबनिट. आता माणसं मोजीन. पोरीला म्हणावं, घरी जा."

नाव लवकर बदल. त्याच्याकडे वेळ नाही.

गोबनिट


डब्लिन
२३ सप्टेंबर १९३७

ताई,

बदलता येईल. पण सही करण्याआधी एकदा तुला विचारतो, आणि नीट विचार करून सांग. एकदा टायगचं नाव गेलं की संपलं. तुला नोरीजवळ जागा मिळणार नाही. तुझा नवराही आत आहे, आईबाबा आत आहेत. तू एकटी डेअरीमागं. त्यावर मी नंतर काही करू शकणार नाही.

फिनीन


ग्लासमोर
२५ सप्टेंबर १९३७

विचार केला. सही कर.

गो.


ग्लासमोर
१७ ऑक्टोबर १९३७

फिनीन,

टायगला काल पोचवला. तुझा कागद वेळेवर आला. डेअरीचा मॅनेजर टोपी काढून स्वतः किल्ली घेऊन आला आणि त्यानं ते कुलूप उघडलं. फोरमननं जागा आखून दिली होती, बरोबर मधे. गवत काढलं तर खाली साधूंच्या वेळची फरशी लागली. ती त्यानं एकही तुकडा न पडू देता उचलली आणि परत बसवली. तुझा खांब उभा आहे. चांगला दिसतो. हे मी कबूल करते, पुन्हा विचारू नकोस.

ज्याचं कोणी नाही म्हणत होते त्याच्यामागं सगळा गाव होता. रिऑर्डनांनीसुद्धा खांदा दिला. फादर कॉटरनी प्रार्थना अगदी सावकाश म्हटली, एकही शब्द गाळला नाही. मग उपदेश केला की मेलेली माणसं देवाच्या हाती असतात, कुणी कुठं पहाऱ्यावर नसतं. आणि सगळं झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सुटली ना ती?" मी म्हटलं, सुटली, फादर.

सगळे पांगल्यावर मी नोरीपाशी गेले. तिला म्हटलं, बादली ठेव आता, टायगबाबा आलाय, तू जा. मग मी पोटभर रडले. नोव्हेंबरात रडले नव्हते, तेव्हा लोकांना चहा द्यायचा होता. परतताना वाऱ्यात पहिल्यांदा तिचं खोकणं ऐकू आलं नाही. तुला हे पटायचं नाही, पटवून घेऊही नकोस.

घरी येऊन चहा केला. आणि तो तसाच ठेवून दिला. अरे, टायग तिथं उभा आहे ना. भरलेल्या छातीचा म्हातारा, सत्तरी उलटलेला. माझी पोर सोडवायला मी त्याला कायमचा फाटकावर नेऊन ठेवला, आणि तो हसत गेला कारण त्याला नाही म्हणता येत नाही. जन्मात त्यानं कुणाला नाही म्हटलेलं नाही, म्हणून तर त्याची सगळी जमीन भावांनी नेली. मी जमीनदारावर ओरडले, राजावर ओरडले, तुझ्यावर ओरडले, आणि वेळ आली तेव्हा मीही ज्याच्या मागं कोणी नाही असाच माणूस धरला. हे बरोबर नाही, फिनीन. माझ्यानं हे गिळवत नाही.

हे मला तिथंच टोचलं होतं, म्हणून त्याला उतरवण्याआधीच मी शब्द दिलाय. पेटीवर हात ठेवून दिलाय, सगळ्या गावासमोर, तेव्हा तो मोडता येणार नाही. मी म्हटलं, टायग, तुझ्या बदलीला मी येते.

तेव्हा नवा अर्ज लिहायला घे. पुन्हा कधीही नाही असं लिहून दिलंयस, ते मला माहीत आहे. लिहून देणारा तूच, तेव्हा खोडणाराही तूच. नाव गोबनिट हर्ली. मला घाई नाही, वीस वर्षं भांड, पण कागद तयार ठेव.

आणि मी टायगला सोडवलं की फाटकावर मी उभी राहणार. तुझी सख्खी बहीण, हातात बादली घेऊन. मला सोडवायला कोण येणार, ते मी तुला सांगायला नको. तू ये, आणि खांबापासून लांब ये. मात्र तुझ्यानंतर कोण येईल याची सोय तुला जिवंत आहेस तोवरच करावी लागेल, कारण कुलूप तू लावलंयस.

तुझी बहीण,
गोबनिट